जुन्या सर्व्हरवर कुठला कर्नल टाकावा? नवा कोरा, की ओळखीचा जुना?

३० जून २०२४. रविवार होता. त्या दिवशी सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपली. सोमवारी सकाळी लोक ऑफिसला आले, सर्व्हरच्या खोलीत डोकावले, तर सगळं जसंच्या तसं. हिरवे दिवे लागलेले, पंखे घोंघावतायत, वेबसाईट उघडतेय, हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतंय.

खरी पंचाईत इथेच झाली. काहीच बिघडलं नाही, म्हणून कुणी हातही लावला नाही. गॅसच्या नळीवर छापलेली तारीख उलटून गेली तरी शेगडी पेटतेच, त्यातला प्रकार. मुदत संपली म्हणजे मशीन बंद पडत नाही. त्यानंतर सापडणारी भोकं बुजवायला कुणी येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता तो सर्व्हर दहा-बारा वर्षांचा असेल तर प्रश्न सरळ राहत नाही. नवी सिस्टिम टाकावी तर मशीन ती पेलेल का? जुनीच ठेवावी तर किती दिवस? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे कर्नल.

हा कर्नल फौजेतला नव्हे

मराठीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, पण हा कर्नल वेगळा. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ बीचा गाभा, आतला गर. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल.

सोप्या भाषेत सांगायचं तर एसटीच्या आगारातला वाहतूक नियंत्रक डोळ्यांसमोर आणा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुणाला आधी सोडायचं, कोण थांबणार, हे तो ठरवतो. प्रवासी थेट ड्रायव्हरला जाऊन गाडी काढ म्हणत नाहीत. कर्नलचं काम तसंच. प्रोसेसरचा वेळ कुणाला किती द्यायचा, मेमरी कशी वाटायची, हार्ड डिस्क आणि नेटवर्क कार्डशी कसं बोलायचं, हे तो बघतो. आपण वापरतो ती सॉफ्टवेअरं हार्डवेअरला कधीच थेट हात लावत नाहीत, कर्नलकडे मागणी करतात.

हार्डवेअरशी बोलण्यासाठी कर्नलमध्ये जे दुभाषे बसवलेले असतात त्यांना ड्रायव्हर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण जुन्या सर्व्हरच्या गोष्टीत सगळा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

अजून एक फरक. लिनक्स हे खरं तर फक्त कर्नलचं नाव. डेबियन, उबुंटू, सेंटओएस, रेड हॅट ही त्या कर्नलभोवती बांधलेली संपूर्ण घरं, ज्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. पाया एकच, पण प्रत्येकाने तो आपल्या पद्धतीने घातलेला.

एक खरंखुरं मशीन घेऊ

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण धरू. डेलचा पॉवरएज आर७१०. २००९ मध्ये बाजारात आलेला हा सर्व्हर एवढा खपला की आजही जुन्या मालाच्या बाजारात तो भेटतो. आत इंटेलचे झिऑन ५५०० किंवा ५६०० मालिकेचे दोन प्रोसेसर आणि मेमरीसाठी भरपूर खाचा. डिस्क सांभाळायला बऱ्याच मशीनमध्ये पर्क ६/आय नावाचं रेड कार्ड असतं. शाळा, छोटे कारखाने, पतसंस्था किंवा शिकायला म्हणून सर्व्हर घेणारी पोरं, सगळ्यांच्या खिशाला परवडणारा.

समजा, त्यावर सेंटओएस ७ आहे. त्याचा कर्नल ३.१० मालिकेतला. मालक म्हणतो, आता नवीन टाकूया. मग रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० घ्यावं का? मे २०२५ मध्ये आलंय, कर्नल ६.१२ आहे, एकदम ताजं.

तर ते या मशीनवर सुरूच होणार नाही.

गंमत अशी, की दोष कर्नलचा नाही. ६.१२ कर्नलला हा प्रोसेसर चालतो. अडचण घराच्या बाकी भिंतींची आहे. ६४-बिट प्रोसेसरांच्या क्षमतेच्या पायऱ्या ठरवल्या गेल्यात, व्ही१, व्ही२, व्ही३ अशा. साधारण २००८ नंतरचे झिऑन व्ही२ मध्ये बसतात. व्ही३ साठी एव्हीएक्स२ नावाच्या सूचना लागतात, ज्या इंटेलने २०१३च्या हॅसवेल पिढीपासून दिल्या. रेड हॅटने ९ व्या आवृत्तीत सगळी सॉफ्टवेअरं व्ही२ गृहीत धरून बांधली आणि १० व्या आवृत्तीत व्ही३. आर७१० व्ही२ वर थांबतो. म्हणजे ९ चालेल, १० नाही.

त्याच्याही आधीचं मशीन, उदाहरणार्थ झिऑन ५४०० वाला पॉवरएज २९५०, व्ही२ सुद्धा गाठत नाही. तिथे रेड हॅट ९ सुद्धा बाद. पण डेबियनची ६४-बिट आवृत्ती अजून पहिल्याच पायरीसाठी बांधली जाते, त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ अशा मशीनवरही चढतं. आणि त्याचा कर्नल कोणता? तोच, ६.१२!

म्हणजे कर्नल एकच, पण एका घरात तुम्हाला प्रवेश आहे आणि दुसऱ्या घरात नाही. म्हणून 'माझ्या सर्व्हरला कुठला कर्नल चालेल' हा प्रश्न अर्धवट आहे. 'कुणी बांधून दिलेला कर्नल' हे विचारायला हवं. (अल्मालिनक्सने आपल्या १० व्या आवृत्तीत व्ही२ वाल्यांसाठी वेगळी बांधणी ठेवली आहे. अशा लोकांची संख्या थोडी नाही हे त्यांनी ओळखलं.)

डिस्क कुठे गेली?

आता मालक शहाणा झाला. १० नको, ८ घेऊ. कर्नल ४.१८, मुदत मे २०२९ पर्यंत. पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर सुरू झाला, भाषा निवडली, आणि डिस्क निवडायच्या पानावर काहीच नाही. एकही डिस्क दिसत नाही.

अशा वेळी पहिला विचार येतो, की डिस्क मेल्या. नव्या डिस्क मागवल्या जातात. त्याही दिसत नाहीत. मग कार्ड गेलं असं ठरतं, आणि शेवटी अख्खा सर्व्हर भंगारात.

खरं कारण असं, की रेड हॅटने ८ व्या आवृत्तीत पर्क ५ आणि पर्क ६/आय या कार्डांचा आधार काढून टाकला. ड्रायव्हर तिथेच आहे, पण कुठली कार्डं ओळखायची याच्या यादीतून ही नावं वगळली. कंपनीच्या बाजूने बघितलं तर समजण्यासारखं आहे. ज्या वस्तूची दहा वर्षं हमी द्यायची, ती तपासायला हवी, आणि एवढी जुनी कार्डं कोण तपासत बसणार? पण ज्याच्या घरी ते कार्ड आहे त्याला हे कुणी सांगत नाही.

मूळ लिनक्स कर्नलमध्ये मात्र या कार्डांचा आधार शाबूत आहे, त्यामुळे डेबियनला ती दिसतात. रेड हॅटच्या कुटुंबातच राहायचं असेल तर ईएलरेपो नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प असे गाळलेले ड्रायव्हर पुरवतो. अल्मालिनक्सनेही ८.१० आणि ९.४ या आवृत्त्यांपासून सोडून दिलेल्या बऱ्याच जुन्या कार्डांना परत घरात घेतलं.

एक साधी सवय इथे खूप पैसे वाचवते. जुनी सिस्टिम चालू असतानाच मशीनमधल्या कार्डांची यादी काढून ठेवायची. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएन' या पर्यायासह दिली की प्रत्येक कार्डापुढे चौकटी कंसात आकडे येतात. तो त्या कार्डाचा आधार क्रमांकच समजा. नव्या सिस्टिमच्या 'काढून टाकलेलं हार्डवेअर' या यादीत तो क्रमांक आहे का, एवढं बघायचं. रेड हॅट ही यादी उघड छापतं, फक्त ती वाचायची तसदी सहसा डिस्क गायब झाल्यावरच घेतली जाते.

आकड्याला भुलू नका

सेंटओएस ७ चा कर्नल ३.१०. मूळ ३.१० कर्नल ३० जून २०१३ ला आला होता. म्हणजे योगायोगाने बरोबर अकरा वर्षांनी, त्याच तारखेला, सेंटओएस ७ ची मुदत संपली. मग अकरा वर्षं लोक एक शिळा कर्नल वापरत होते का?

नाही. मूळ ३.१० ची देखभाल २०१७ मध्येच थांबली होती. रेड हॅटने मात्र नव्या कर्नलमधल्या दुरुस्त्या कापून आपल्या ३.१० ला जोडायचं काम शेवटपर्यंत चालू ठेवलं. याला बॅकपोर्ट म्हणतात. बाहेरून नाव जुनं, आत हजारो ठिगळं नवी. त्यामुळे फक्त आवृत्तीचा आकडा बघून 'हा कर्नल असुरक्षित' असं म्हणणारी तपासणी सॉफ्टवेअरं अनेकदा चुकीची घंटा वाजवतात.

उलट नवा आकडा म्हणजे सुरक्षित असंही नाही. दोन प्रसिद्ध भोकं बघा.

डर्टी काऊ. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीला आलं. साध्या वापरकर्त्याला थेट मशीनचा मालक बनवणारं हे भोक कर्नलमध्ये २००७ पासून, म्हणजे २.६.२२ आवृत्तीपासून होतं. नऊ वर्षं! ज्यांनी जुना कर्नल तसाच ठेवला ते सगळे उघडे पडले.

डर्टी पाईप. मार्च २०२२. कामगिरी साधारण तशीच, पण हे भोक कर्नल ५.८ पासूनचं, म्हणजे २०२० नंतरचं. ५.४ वापरणाऱ्यांना त्याची झळही लागली नाही. इथे नव्याच्या मागे धावणारे अडकले.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की कळतं, की जुना की नवा हा वादच चुकीचा आहे. त्या कर्नलला आज कुणी वाली आहे की नाही, ते बघायचं. डर्टी पाईप सापडलं तेव्हा ५.१० आणि ५.१५ या चालू मालिकांना लगेच दुरुस्ती मिळाली. याउलट ५.९ वर कुणी थांबलं असेल तर त्याला ती कधीच मिळाली नाही, कारण ती मालिका आधीच बंद झालेली.

मूळ लिनक्समध्ये साधारण वर्षाला एक मालिका 'दीर्घ मुदतीची' म्हणून निवडली जाते. ५.४, ५.१०, ५.१५, ६.१, ६.६, ६.१२ या अशा मालिका. मधल्या ५.११, ६.३ वगैरे आवृत्त्या काही महिन्यांत निराधार होतात. सर्व्हरवर त्या ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि दीर्घ मुदत म्हणजे अमरपट्टा नव्हे, ४.१९ मालिका डिसेंबर २०२४ मध्ये संपली.

याहूनही लांबचा पल्ला हवा असणारे लोक आहेत. वीजकेंद्रं, रेल्वेची सिग्नल यंत्रणा अशा ठिकाणी मशीन वीस-वीस वर्षं बदलत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म हा प्रकल्प २०१६ पासून चालतो. सीमेन्स, तोशिबा यांसारख्या कंपन्या मिळून ४.४, ४.१९, ५.१०, ६.१ अशा निवडक कर्नलना किमान दहा वर्षं सांभाळतात. मात्र ते सांभाळतात आपल्या कामाच्या हार्डवेअरपुरतं. तुमच्या आर७१० च्या रेड कार्डाची काळजी ते करतीलच असं नाही.

नव्या कर्नलने जुनं मशीन हळू होतं का?

ही तक्रार सर्रास ऐकू येते, आणि तिला आधार आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर ही दोन संकटं जाहीर झाली. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, प्रोसेसरच्या घडणीतच होती. प्रोसेसर काही विकलेले परत घेता येत नाहीत, म्हणून कर्नलनेच भिंत बांधली. कर्नलची मेमरी आणि सॉफ्टवेअरची मेमरी यांचे नकाशे वेगळे केले. आता दर वेळी सॉफ्टवेअरने कर्नलकडे काही मागितलं की नकाशा बदलावा लागतो, आणि त्यात वेळ जातो. डेटाबेससारखी सतत डिस्कशी बोलणारी कामं जास्त मंदावतात, नुसती आकडेमोड फारशी नाही.

इथे जुन्या मशीनमध्येही प्रतवारी आहे. झिऑन ५६०० मध्ये पीसीआयडी नावाची सोय आहे, जिच्यामुळे नकाशा बदलला तरी आधीच्या खुणा पुसाव्या लागत नाहीत. झिऑन ५५०० मध्ये ती नाही. बाहेरून दोन्ही सर्व्हर सारखेच, नावही आर७१०, पण एकाला मार कमी बसतो आणि दुसऱ्याला जास्त. आणि ही सोय वापरायला लिनक्स शिकला तो ४.१४ पासून. म्हणजे या बाबतीत नवा कर्नल जुन्या प्रोसेसरला उलट बराच आधार देतो. जुनं मशीन विकत घेणार असाल तर प्रोसेसरचा आकडा विचारून घ्या, एवढं इथे सांगता येईल.

काही भोकांसाठी कर्नलसोबत प्रोसेसरचा मायक्रोकोडही लागतो, आणि तो इंटेलकडूनच यावा लागतो. एप्रिल २०१८ मध्ये इंटेलने काही जुन्या पिढ्यांना तो देणार नाही असं सांगून टाकलं. झिऑन ५४०० त्यातलीच. तिथे कर्नल कितीही नवा टाका, काही फटी राहणारच.

कर्नलला हे सगळे बचाव बंद करायलाही सांगता येतं. ५.२ आवृत्तीपासून त्यासाठी एकच खटका आहे. इंटरनेटवर 'जुना सर्व्हर वेगवान करा' म्हणून हा सल्ला बिनधास्त वाटला जातो. मशीनवर फक्त तुमचीच सॉफ्टवेअरं चालतात, बाहेरचा कुणी त्यावर कोड चालवू शकत नाही, अशी खात्री असेल तर विचार करायला हरकत नाही. पण त्याच मशीनवर चार ग्राहकांच्या वेबसाईट असतील, तर तो खटका दाबणं म्हणजे चाळीतल्या सगळ्या खोल्यांना एकच किल्ली लावणं झालं.

३२-बिट असेल तर?

तर गोष्ट लवकर आटपते. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिला तो इंटेल ३८६ प्रोसेसरच्या मशीनवर. त्याच ३८६ चा आधार फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला गेला. जन्मगावच नकाशावरून पुसलं! डेबियन १३ ने तर ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणंच थांबवलं.

त्यात २०३८ ची भानगड आहे. जुन्या ३२-बिट पद्धतीत वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत मोजली जाते, आणि तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी मावतो तितका मावून संपतो. ३२-बिट लिनक्स कर्नल यासाठी तयार झाला तो मार्च २०२० च्या ५.६ आवृत्तीत. त्याआधीचा ३२-बिट कर्नल घेऊन लांबचे बेत करू नयेत.

ज्यांना असं मशीन चालवायचंच आहे त्यांनी नेटबीएसडीकडे बघावं. तो लिनक्स नाही, पूर्णपणे वेगळा कर्नल आहे, आणि जुन्या, विचित्र हार्डवेअरवर चालणं हाच त्याचा अभिमान. २०२४ मध्ये आलेली त्याची दहावी आवृत्ती ३२-बिट पीसीवर चालते. शिकायला मजा येते. पतसंस्थेचे हिशेब मात्र त्या मशीनवर ठेवू नयेत, कारण तोवर त्याचा वीजपुरवठा आणि डिस्कही म्हाताऱ्या झालेल्या असतात.

मग आपल्या आर७१० चं काय?

सरळ उत्तर असं. विशेष बांधिलकी नसेल तर डेबियन १२ किंवा १३, त्यांच्यासोबत येणाऱ्याच ६.१ किंवा ६.१२ कर्नलसह. डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, १३ ला २०३० पर्यंत. सेंटओएसची सवय असेल तर अल्मालिनक्स ८ किंवा ९. सुट्टा कर्नल बाहेरून आणून स्वतः बांधायच्या फंदात सर्व्हरवर पडू नये. पहिल्या दिवशी जमतं, पण पुढे दर दुरुस्तीला तेच काम पुन्हा करायला कुणी उरत नाही.

आणखी एक पळवाट सुचवली जाते, ती म्हणजे सेंटओएस ७ तसंच ठेवून फक्त कर्नल नवा टाकायचा. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं, कारण जुनी सॉफ्टवेअरं मोडायची नाहीत हा लिनक्स कर्नलचा कडक नियम आहे. पण दारावर नवं कुलूप लावून खिडक्या उघड्या ठेवण्यासारखं ते आहे. ओपनएसएसएल, पीएचपी ५.४, वेब सर्व्हर सगळं जुनंच राहतं. त्यापेक्षा उलटं करावं. खाली नवी सिस्टिम, आणि एखादं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालतच नसेल तर तेवढंच कंटेनरमध्ये बंद करून, इंटरनेटपासून तोडून चालवावं.

विजेचा हिशेबही एकदा करून बघावा. सर्व्हर सरासरी दोनशे वॅट ओढतो असं धरलं तर महिन्याला १४४ युनिट होतात, बाराही महिने. तुमच्या दराने गुणून बघा. कधी कधी कर्नल निवडायची गरजच उरत नाही.

बदल करायचा ठरला तर शनिवारची संध्याकाळ बरी. आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. मशीन लांब असेल तर आयड्रॅकसारखा दूरचा कन्सोल चालतो का ते आधी तपासायचं, कारण नव्या कर्नलला नेटवर्क कार्ड दिसलं नाही तर आत शिरायचा तोच एक रस्ता. चालू सिस्टिमचा कर्नल नंतर बदलताना जुना लगेच पुसायचा नाही. ग्रब या बूट मेनूला 'फक्त एकदा नवा कर्नल वापर' असं सांगता येतं. तो अडकला तर मशीन बंद करून चालू केलं की ते आपोआप जुन्यावर परत येतं. नव्यावर नीट उभं राहिलं तर 'डीमेसेज'मध्ये कर्नलच्या तक्रारी वाचायच्या, डिस्क आणि नेटवर्क तपासायचं, आणि सोमवारची गर्दी, महिनाअखेरचे हिशेब असं सगळं त्यावरून जाऊ द्यायचं. जुना कर्नल तोवर मेनूत दुसऱ्या ओळीवर पडून राहिला तरी काही बिघडत नाही. बूट पार्टिशनमध्ये जागा असली म्हणजे झालं.